लिलावातला फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का?

प्रश्न : बँकेने जप्त केलेले किंवा मालकाच्या मृत्यूनंतर विकायला निघालेले फ्लॅट स्वस्तात मिळतात, असे ऐकतो. गुंतवणूक म्हणून घ्यावेत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्यावेत, पण राखीव किंमत पाहून भुलू नका. बँका थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सरफेसी कायदा, 2002 अन्वये जो लिलाव करतात, त्यात मालमत्ता ‘जशी आहे, जिथे आहे’ तत्त्वावर विकली जाते. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी 25 टक्के रक्कम (अनामत धरून) भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यावर साधारण 15 दिवसांत भरायची असते. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात. म्हणून गृहकर्जाची सोय बोलीआधीच करा.

जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिले असेल, तर आत अजून कुणी राहत असण्याची शक्यता मोठी. ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, कर्जवसुली न्यायाधिकरणातली तारीख, यात महिनोन्‌महिने जाऊ शकतात. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल यांचे लेखी आकडे आधी मागा आणि मुद्रांक शुल्कासह सगळे किमतीत मिळवून पाहा.

वारसांच्या घराची गोष्ट वेगळी. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खरेदीखतावर सर्व वारसांच्या सह्या हव्यात, नाहीतर बाकीच्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. परगावी दिलेल्या बहिणीची सही राहिली, तर दावा पुढे तुमच्यावर येतो.

वकिलाकडून शोध अहवाल घ्या, मगच बोली लावा. एवढे करूनही बाजारभावापेक्षा ठळक फरक उरला, तरच तो सौदा फायद्याचा.