सजीव की निर्जीव? भाताच्या दाण्याकडून शिकू या



‘हलते ते सजीव, हलत नाही ते निर्जीव,’ असे आपण लहान मुलांना सांगून मोकळे होतो. पण मग खोपोली लोकल धावते, उल्हास नदी वाहते, त्यांना जीव आहे का? आणि बांधावरचा साग जागचा हलत नाही, तो निर्जीव का?

मुलांची समजूतही मुळात अशीच असते. ढग, सूर्य, सायकल अशा हलणाऱ्या गोष्टी लहान मुलांना सजीव वाटतात, असे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२६ सालच्या ग्रंथात नोंदवले. म्हणून मुलाला हसू नका, प्रश्न विचारा. ‘लोकल वीज खाते,’ असे ते म्हणेल. विचारा, ‘ती वाढते का? तिला पिल्ले होतात का?’

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शिंपले, खडे हेच त्यांचे साहित्य होते. आपल्या घरातही ते आहे. बियाण्यासाठी राखलेले थोडे भात, थोडे तांदूळ आणि बारीक खडे घ्या. तिन्ही एक दिवस पाण्यात भिजवा. मग वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून उबेला ठेवा आणि फडकी ओली राखा. दोन-तीन दिवसांत भाताला मोड येतील. रहू पेरणीसाठी शेतकरी असेच मोड आणतात. तांदळाला मात्र मोड येणार नाहीत, कारण गिरणीत सडताना टरफलाबरोबर त्याचा अंकुरही निघून जातो. खडा तर होता तसाच राहील.

यातून मुलाला तीन गट कळतील: जीव असलेले, पूर्वी जीव असलेले (तांदूळ, सुके लाकूड, चामड्याची चप्पल) आणि कधीच जीव नसलेले.

हा धडा केवळ परीक्षेपुरता नाही. गवतात निश्चल पडलेला साप दोरीसारखा दिसतो. ‘हलत नाही, म्हणजे मेला,’ असे समजून मूल त्याला हात लावू शकते. तेच मूल सागाची साल ओरबाडते आणि आवणातील रोपे सहज उपटते. न हलणाऱ्यातही जीव असतो, हे एकदा कळले की त्याचा हात आपोआप थबकेल.

या आठवड्यात मुलांसोबत हा प्रयोग अवश्य करा. मोड आलेले दाणे कुंडीत किंवा वाफ्यात मुलाच्याच हाताने पेरू द्या.