अभ्यास पाठ : पट्ट्याची किंमत आणि इंकांच्या गावातला बाजार

मैत्रिणींनो, पेरू म्हटलं की आपल्याला तिखट-मीठ लावलेल्या फोडीच आठवतात. पण पेरू नावाचा देशही आहे. दक्षिण अमेरिकेत, पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. आपल्याकडे सकाळी पाणी भरायची वेळ होते, तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. या पाठात आपण मनानं तिकडे जाऊ. एकटीनं नको, धाकट्या बहिणीला बरोबर घ्या. बाजारात दोघी असल्या की एक भाव करते आणि दुसरी माल बघते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिला मुक्काम कुस्को. हे शहर सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं जड होतं. सावकाश चाला. इथे इंका लोकांची राजधानी होती. पंधराव्या शतकात त्यांनी इथूनच डोंगराळ मुलखात मोठं राज्य उभं केलं. गल्ल्यांतल्या जुन्या भिंती बघा, दगडाला दगड इतका घट्ट बसवलाय की मध्ये चुना नाही की माती नाही. आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण येते. 1950 साली इथे भूकंप झाला, तेव्हा स्पॅनिश लोकांनी नंतर बांधलेल्या इमारतींची पडझड झाली, पण खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या.

हे सगळं बांधलं कुणी? इंकांकडे आपल्यासारखा पैसा नव्हता. कर द्यायचा तो कामाच्या दिवसांत. प्रत्येक घरानं राज्यासाठी ठरलेलं काम करायचं, त्याला मिता म्हणत. आणि लिहायची लिपी नसतानाही हिशोब चोख! एका जाड दोरीला बारीक दोऱ्या बांधायच्या आणि त्यांना गाठी मारायच्या. गाठ कुठे आहे त्यावरून एकक, दहा, शंभर कळायचे. या दोऱ्यांना किपू म्हणतात. गटातल्या ज्या ताईंना लिहिता येत नाही, पण कुणाचा किती हप्ता राहिलाय हे तोंडपाठ असतं, त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

कुस्कोहून खाली दरीत उतरलं की पिसाक लागतं. वर डोंगरावर इंकांचे अवशेष आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, खाली गावात बाजार. बटाटे, मका, टोप्या, शाली, रंगीत पट्टे. धाकटी एका दुकानात थांबते.

"ताई, हा पट्टा बघ. मघाच्या बाईनं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यातच देतोय हा."

"अगं, पण हातचा आहे का?"

"म्हणतोय तरी तसंच."

घेते ती. आपणही घेतला असता. हात लावून बघा, दोरा गुळगुळीत आणि सगळीकडे सारखाच जाड. असा माल पुष्कळदा यंत्रावरचा असतो, लोकरही कृत्रिम असते. पण टांगलेला मात्र हातमागाच्या शेजारीच.

पुढे ओयांतायतांबो. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत इथे आजही लोक राहतात, गल्लीच्या कडेनं पाण्याचे पाट वाहतात. समोरच्या उभ्या डोंगरावर दगडी कोठारं दिसतात. उंचावर वारा खेळता राहतो, धान्य टिकतं. अशा कोठारांत मका, कापड आणि चुन्यो साठवत. चुन्यो म्हणजे त्यांचं वाळवण. जून-जुलैत तिथे कडाक्याची थंडी असते. रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की बटाटा खडखडीत होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. बटाटा मुळात तिकडच्याच डोंगरांतला. आपल्या उपासाच्या ताटात तो फार उशिरा आला!

एवढी भरलेली कोठारं असूनही राज्य बुडालं. एक कारण आपल्या ओळखीचं आहे, भाऊबंदकी. वास्कार आणि अतावाल्पा हे सावत्र भाऊ गादीसाठी लढले आणि त्याच सुमारास, 1532 मध्ये, स्पॅनिश सरदार पिसारो येऊन ठेपला. राज्य गेलं, पण गावातली रीत राहिली. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्याला ते आयनी म्हणतात. आपल्याकडची सावडच की ही.

परतीच्या वाटेवर चिंचेरो लागतं. इथं घाई करू नका, कारण आपला खरा धडा इथं आहे. इंकांच्या कथेत पहिला राजा मांको कापाक आणि त्याची बहीण मामा ओक्यो. बायकांना सूत काततं करणारी आणि विणकाम शिकवणारी हीच. चिंचेरोच्या बायका आजही अंगणात बसून सगळं करून दाखवतात. एका मुळीचा फेस काढून लोकर धुतात. चालता-बोलता चातीवर सूत काततात. निवडुंगावरचे बारीक किडे वाळवून चुरडले की लाल रंग निघतो, त्यात लिंबू पिळलं की छटा बदलते. मग मागाचं एक टोक खुंटीला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून विणायचं. नक्षी कागदावर नाही, डोक्यात. अरुंद पट्ट्यालाही दिवस जातात, मोठ्या कापडाला आठवडे.

हे बघितलं की धाकटी गप्प होते. पिशवीतला पट्टा काढून नुसती त्याच्याकडे बघत बसते. निम्मा भाव कशामुळे होता ते तिला आता कळलेलं असतं.

चिंचेरोच्याच निल्दा कायान्याउपा या विणकर बाईंनी 1996 मध्ये इतरांना सोबत घेऊन कुस्कोमध्ये पारंपरिक विणकामाचं केंद्र सुरू केलं. आसपासच्या गावांतल्या विणकर बाया त्याला जोडलेल्या आहेत. तिथे वस्तूवर विणणारीचं नाव आणि गाव असतं. त्यामुळे भाव सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

आता आपल्याकडे या. प्रदर्शनात गोधडी मांडताना आपण कापडाचे पैसे धरतो, दोऱ्याचे धरतो, गाडीभाडं धरतो. मजुरी विचारली की म्हणतो, "घरीच केलंय हो, बसल्या-बसल्या." मग गिऱ्हाईक तरी का धरेल?

बैठकीसाठी काम : पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं स्वतः केलेली एक वस्तू आणावी. पापड, गोधडी, मसाला, काहीही. करायला लागलेल्या दर तासाला सुतळीला एक गाठ मारून ती सुतळी वस्तूसोबत आणावी. गाठी मोजून गावातल्या चालू रोजानं मजुरी काढा आणि वहीत सध्याच्या विक्रीच्या भावाशेजारी लिहा. ज्या वस्तूत मजुरी निघतच नाही, तिच्यावर आधी बोला.