कागदाचा लव्हाळा : पपायरस

ओढ्याच्या कांठीं पुराच्या पाण्यांत वांकून पुन्हां ताठ उभा राहणारा लव्हाळा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तुकोबांनीं नम्रतेचा दृष्टान्त म्हणून त्याला आपल्या अभंगांत स्थान दिलें. त्याच्याच कुळांतील एका वनस्पतीनें मनुष्यजातीच्या विद्येचा भार तीन हजारांहून अधिक वर्षें वाहिला आहे. तिचें नांव पपायरस. आफ्रिका खंडांतील दलदली व नद्यांचे उथळ कांठ हें तिचें माहेर होय. इंग्रजींतील ‘पेपर’ हा शब्दही तिच्याच नांवापासून निघाला आहे.

प्रथम कुळाची ओळख करून घेऊं. गवत व लव्हाळा हीं दुरून सारखींच दिसतात. परंतु गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ व पेरांचा असतो, तर लव्हाळ्याच्या कुळांतील दांडा बहुधा त्रिकोणी, भरींव व पेरें नसलेला असतो. तो चिमटींत धरून फिरविला असतां तीन धारा बोटांस लागतात. गवताचीं पानें दोन रांगांत येतात. लव्हाळ्याचीं तीन रांगांत.

आतां पपायरसाचीं विशेष लक्षणें. दांडा चार-पांच मीटरपर्यंत उंच वाढतो. त्यावर पान नसतें. बुडाशीं मात्र तपकिरी खवले असतात. शेंड्यावर बारीक हिरव्या तंतूंचा मोठा झुपका असतो. चिखलांत आडवें पसरणारें जाड खोड असून त्यांतून नवे कोंब निघतात. बागांतून हिच्या नांवानें पुष्कळदां भलतीच जाति दिली जाते. त्या जातीच्या शेंड्यावर तंतूंऐवजीं चपट्या पात्यांची छत्री असते, व उंचीही पुष्कळ कमी असते. तंतु कीं पातीं, एवढें पाहिलें म्हणजे संशय उरत नाहीं.

लागवड कठीण नाहीं. तळास भोंक नसलेलें रुंद भांडें घ्यावें. त्यांत चिकणमाती व थोडें कुजलेलें शेणखत मिसळून भरावें. जुन्या गड्ड्याचा, निदान दोन कोंब असलेला तुकडा धारदार सुरीनें कापून, कोंब वर राहतील असा लावावा. माती वर तरंगूं नये म्हणून तिजवर वाळूचा थर द्यावा व त्यावर चार बोटें पाणी कायम ठेवावें. जागा भरपूर उन्हाची, परंतु सोसाट्याच्या वाऱ्यापासून आडोशाची असावी. पावसाळ्याचा आरंभ हा लावणीस उत्तम काळ. पिवळे पडलेले दांडे बुडापासून कापावे. पाण्यांत डांस होऊं नयेत म्हणून दोन-चार गप्पी मासे सोडावे. मात्र हिचा गड्डा गांवच्या ओढ्यांत अगर तळ्यांत कधींही टाकूं नये. परकी वनस्पति एकदां पसरली म्हणजे ती देशी वनस्पतींची जागा घेते.

दांडा हातीं आला म्हणजे एक प्रयोग अवश्य करावा. हिरवी साल सोलून आंतील पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या काढाव्या. त्या कांहीं दिवस पाण्यांत भिजवून, एक थर उभा व त्यावर दुसरा आडवा, असे कापडावर मांडावे. वर दुसरें कापड घालून जड वजनाखालीं दाबावें व ओलें कापड वरचेवर बदलावें. वाळल्यावर दोन्ही थर एकजीव होऊन कागद तयार होतो.

असे कागद इजिप्तमध्यें फार प्राचीन काळीं होत. २०१३ सालीं तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी अल्-जर्फ येथें मेरेर नांवाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी सांपडली. खुफू राजाच्या पिरॅमिडासाठीं नावांतून दगड कसे नेले याची त्यांत नोंद आहे. ती सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींची असून, लिहिलेल्या पपायरसांपैकीं ती आजवर सांपडलेल्यांत सर्वांत जुनी गणली जाते.

पुढें अरबांच्या द्वारें चिंध्यांचा स्वस्त कागद आला व दहाव्या शतकाच्या सुमारास पपायरसाची मागणी सरली. मागणी सरतांच लागवड थांबली. दलदली शेतीखालीं गेल्या. आणि ज्या देशानें हिला जगभर कीर्ति दिली, त्याच देशाच्या नदीकांठावरून ती जवळजवळ नाहींशी झाली. कृतीही लोक विसरले. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें ती लिहून ठेविली होती खरी. पण नुसत्या वर्णनानें हात शिकत नाहींत. अखेर १९६० नंतरच्या दशकांत हसन रगब या इजिप्शियन गृहस्थांनीं सुदानांतून रोपें आणून कैरो येथें लाविलीं व पुष्कळ प्रयोग करून ही विद्या पुन्हां उभी केली.

विद्यार्थिमित्रहो, वनस्पति व तिजवर अवलंबून असलेलें कसब हीं दोन्ही बरोबर जगतात व बरोबर लोपतात. आपल्या ओढ्याकांठचा लव्हाळा, औषधी नागरमोथा यांची गोष्ट निराळी नाहीं. सुटींत गांवीं जाल तेव्हां पाणथळ जागीं थोडें थांबा, एक दांडा चिमटींत फिरवून पाहा, आणि त्याचें नांव व उपयोग घरांतील वडील माणसांस विचारून वहींत लिहून ठेवा.