तारीख ठाऊक नसताना तयारी कसली?

प्रश्न : आमचे शेजारी मराठी ख्रिस्ती आहेत. येशू ख्रिस्त पुन्हा येणार, अगदी उद्याही येऊ शकेल, असं ते मनापासून मानतात. पण मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पैसेही साठवतात आणि करंजाड्यात फ्लॅटही बुक केलाय. मग ‘तयार राहणं’ म्हणजे ते नेमकं काय करतात?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : हा पेच पहिल्या शतकातही पडला होता. ग्रीसमधल्या थेस्सलनीका इथल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच, अशी आवई उठली होती. त्याच मंडळीत काही जण कामधंदा टाकून दुसऱ्यांच्या जिवावर जेवत होते. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून सुनावलं, की निमूट कामाला लागा आणि आपली भाकर आपण मिळवून खा. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांनी फ्लॅट खुशाल घ्यावा.

तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, असं येशूनेच सांगून ठेवलंय. तरी माणसं हिशेब मांडत राहतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी शेतातलं उभं पीकही कापलं नाही. दिवस आला नि गेला. त्यांची ओढ खरी होती, त्यांना हसणं मला जमणार नाही. पण तारखेशिवाय धीर धरवत नसेल तर भिस्त प्रभूवरून उठून गणितावर गेली, असं मी म्हणेन. या शिकवणीचा धाक घालून लेकरांची झोप उडवणंही मला मुळीच मान्य नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या येण्याचं भय कसलं?

तयारीबद्दल विचाराल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचा. त्यात आधी दहा कुमारींचा दाखला येतो. वराला उशीर होतो, दहाही जणींना डुलकी लागते, पण पाच जणींनी दिव्यासाठी जादा तेल आणलेलं असतं. उरलेल्या पाच जणी मागतात, तेव्हा त्यांना ते मिळत नाही. मला लहानपणी त्या पाच शहाण्या जणी कंजूष वाटायच्या. पण विश्वास उसना मिळत नाही, हेच तिथे सांगायचं आहे. आजोबांचा विश्वास, पाळकांचा विश्वास, बाप्तिस्म्याचा दाखला, यांतलं काही त्या रात्री आपल्या दिव्यात ओतता येत नाही.

पंडिता रमाबाईंनी हे स्वतः भोगलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रं कोळून प्यालेली ही बाई. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदनही काढलं. तरी पुढे त्यांनी निर्मळपणे लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो भेटायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली.

आणि तो भेटल्यावर बाई आकाशाकडे डोळे लावून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना त्यांनी आणलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलं. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या, माग चालू झाले, छापखाना आला. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली, तेव्हाही शेती आणि स्वयंपाक होताच. याच काळात त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. ते छापायला खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. जुलै १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. तरी रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ते काम उरकलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्याच पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायाचं चित्र आहे. राजा परत येतो आणि विचारतो ते भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याला भेटलात का, एवढंच. ते त्या माणसांसाठी केलं म्हणजे मलाच केलं, असं तो म्हणतो. केडगावच्या विहिरींकडे मी म्हणूनच पुनरागमनाची तयारी म्हणून पाहतो.

तुमच्या पनवेलला वाट पाहणाऱ्या माणसांचा शेजार जुना आहे. बेने इस्राएल यहुद्यांचं बेथ एल हे सभास्थान तिथे १८४९ पासून आहे. मसीहा यायचा आहे, त्याच्याआधी एलिया संदेष्टा येईल, ही यहुदी परंपरेची आशा. कोकणातल्या बेने इस्राएलांचा मलिदा हा विधी एलियाच्याच नावाने होतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, मसीहा एकदा येऊन गेला, आता पुन्हा येईल.

रोजच्या जगण्यात तुमचे शेजारी काय करत असतील? प्रार्थना, शास्त्रवाचन. प्रभुभोजनाला जाण्याआधी भावाशी अबोला असेल तर तो मिटवणं. हे सगळ्यांत अवघड. कामावरच्या मुलीचा पगार वेळेवर देणं. प्रभू येईपर्यंत हे भोजन करत राहायचं, अशीच शिकवण असल्यामुळे दर वेळी त्याच्या येण्याची आठवण होतेच.

नाताळाआधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. त्यातल्या पहिल्या रविवारी अनेक चर्चमध्ये बाळ येशूच्या जन्माऐवजी त्याच्या पुन्हा येण्याविषयीचीच वचनं वाचतात. शेजाऱ्यांना विचारून त्या दिवशी त्यांच्याबरोबर उपासनेला जा. बाहेरच्या माणसाला तिथे मज्जाव नसतो, आणि फ्लॅटबद्दलचा प्रश्नही त्यांना बेलाशक विचारा.