लीळा, सूत्र, दृष्टांत : ग्रंथप्रकारांचा विवेक

ग्रंथ हाती घेताच साधक त्याचा अर्थ विचारतो. परंतु हा ग्रंथ कोणत्या कार्यासाठी रचला, हे आधी विचारावयास हवे. गद्य-पद्य, विस्तार-संक्षेप अशा बाह्य रूपावरून वाङ्मयप्रकार ओळखण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील विदुषी कॅरोलिन मिलर यांनी १९८४ मध्ये निराळे प्रतिपादन केले : वारंवार उद्भवणाऱ्या प्रसंगी मनुष्य शब्दांच्या द्वारे जे कार्य साधतो, त्यावरून प्रकार ठरतो. पंथीय वाङ्मयाला हा निकष लावून पाहावा.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर पं. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या साहाय्याने लीळा मिळविल्या. लीळेत स्थान आहे, प्रसंग आहे, संनिध असलेली भक्तजने आहेत. कारण वियोगात होरपळणाऱ्यांना स्मरणासाठी हेच सर्व हवे होते. पुढे पं. केशिराजबासांनी लीळांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचन तेच, परंतु प्रसंग मागे राहिला आणि वचन विचार-आचाराचे प्रमाण झाले. सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निरूपिले हे सांगणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथ परंपरेला वेगळा सिद्ध करावा लागला, तो याच कारणाने. स्थानपोथीचे कार्य आणखी निराळे. तेथील दिशा आणि अंतरे स्थान ओळखून नमस्कार करण्यासाठी आहेत. त्यांत वर्णनाची शोभा शोधणे व्यर्थ.

प्रकार न ओळखल्यास काय होते? एकांकात हरिपाळदेवांच्या द्यूताची लीळा आहे; कमळाइसांनी अलंकार देण्यास नकार दिल्याची हकीकत तीतच येते. कादंबरीचा वाचक हिच्यात नायकाचा दोष पाहील, भाबडा वाचक अनुकरणाची सवलत पाहील. दोघेही चुकतात. लीळा स्मरणाचा विषय आहे. आचरणाचा विधी सूत्रात पाहावयाचा.

दृष्टांतपाठात हा विवेक अधिक सूक्ष्म आहे. तेथे सूत्र व दृष्टांत स्वामींचे आणि दार्ष्टान्तिक केशिराजबासांचे. जात्यंध हत्तीला चाचपतात. ज्याच्या हाती पाय आला तो त्याला खांब म्हणतो, ज्याच्या हाती कान आला तो सूप. एवढीच कथा वेगळी काढली, तर 'सर्वांची मते अंशतः खरी' असा गोड निष्कर्ष निघतो, आणि आजकाल व्यासपीठांवरून तो निघतोही. दार्ष्टान्तिक तसे म्हणत नाही. एकेक अंश जाणून तोच संपूर्ण ईश्वर मानणाऱ्यांचे ते अज्ञान दाखविते आणि डोळसाला वेगळा ठेविते.

दृष्टांताला रूपककथा म्हणण्याचा मोहही येथे आवरावा. कोल्हापुरास दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या वि. स. खांडेकरांनी मराठीत रूपककथा रुजविली. तिच्यात कथा आणि अर्थ एकाच लेखकाचे असतात आणि अर्थ बहुधा वाचकाने उलगडावयाचा असतो. दृष्टांत सूत्राला बांधलेला आहे आणि त्याचा अर्थ शिष्याने, परंपरेच्या साक्षीने, नेमून दिलेला आहे.

म्हणून निरूपण करताना दार्ष्टान्तिकातील वाक्याआधी 'स्वामी म्हणतात' असे शब्द येऊ नयेत. ते वाक्य केशिराजबासांचे आहे, आणि त्यांनी स्वतः ते सूत्रापासून वेगळे राखले आहे.