रॅमचा वेग वाढवताना

रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलेलं असतं आणि मशीन जोडून पाहावं तर ती २४०० किंवा २६६६ वर चाललेली दिसते. दुकानदाराने फसवलं असं लगेच म्हणू नका. डीडीआर४ चा मानक व्होल्टेज १.२ व्होल्ट. पाकिटावरचा वेग बहुतेक वेळा १.३५ ला मिळतो, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही. थोडक्यात, कंपनीनेच करून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग! खरी मजा त्याच्यापुढे.

आधी टायमिंगचं गणित. सीएल१६ म्हणजे डेटा मागितल्यावर सोळा क्लॉक थांबायचं. पण एक क्लॉक केवढा? डीडीआर एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा देते, म्हणून ३२०० चा खरा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ०.६२५ नॅनोसेकंद. सोळा क्लॉकचे झाले १० नॅनोसेकंद. आता ३६०० ला सीएल१८ काढून बघा, तेही १० च! थांबणं तेवढंच, पण एका चॅनेलवरून सेकंदाला २५.६ ऐवजी २८.८ जीबी डेटा जाऊ शकतो. त्यामुळे 'सीएल वाढला म्हणजे रॅम स्लो झाली' हे हॉस्टेलमधलं आवडतं वाक्य अर्धवट आहे.

मग व्होल्टेज कशाला वाढवायचा? मेमरीतला प्रत्येक बिट हा एक चिमुकला कपॅसिटर. त्याचा चार्ज वाचून तो शून्य की एक, हे सेन्स अॅम्प्लिफायर ठरवतो. टायमिंग कमी केलं की त्याला ठरवायला वेळ कमी मिळतो. व्होल्टेज वाढवला तर चार्ज वाढतो आणि निर्णय लवकर होतो. पण मित्रांनो, पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३५ चे १.४५ केले की साधारण १५ टक्के जास्त. चिप तापते, आणि तापलेला कपॅसिटर जास्त गळतो. एरवी ६४ मिलिसेकंदांत होणारा रिफ्रेश ८५ अंशांच्या वर ३२ मिलिसेकंदांत करावा लागतो, तो याच गळतीमुळे.

माझ्या रूम पार्टनरने ३६०० सीएल१६, १.४५ व्होल्ट असं सेटिंग लावलं होतं. रात्री मेमटेस्टचे चार पास निर्विघ्न. मे महिन्यातल्या दुपारी त्याच सेटिंगवर तिसऱ्या पासला एरर! मधल्या आठवड्यात प्रोजेक्टचा सगळा डेटा त्याच मशीनवर कॉपी झाला होता. एक झिप उघडेना. झिपमध्ये चेकसम असतो म्हणून तिने निदान सांगितलं तरी. रीडिंगच्या साध्या फाइल्समध्ये कुठला आकडा बदलला हे कसं कळणार? साध्या पीसीत ईसीसी नसते. कॉपी करताना बिट उलटला तर तो तसाच डिस्कवर जाऊन बसतो, कोणी ओरडत नाही. त्यापेक्षा ब्लू स्क्रीन परवडला. मूळ फाइल्स पुसून टाकल्यामुळे बिचाऱ्याने सगळी रीडिंग्ज लॅबमध्ये पुन्हा घेतली. आता ३६०० सीएल१८, १.३५ वर मशीन ऐन दुपारीही पास होते, आणि गेममध्ये फरक त्यालाही सांगता येत नाही.

आणखी एक. रॅमबरोबर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा व्होल्टेजही वाढतो. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. म्हणून बोर्डाने 'ऑटो'मध्ये काय लावलंय ते स्वतः बघा.

तुमच्याकडे एकच स्टिक असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हे सगळं सोडा आणि तशीच दुसरी घ्या. दोन चॅनेल मिळाले की बँडविड्थ थेट दुप्पट, तीही १.३५ वरच.

तरीही करायचंच असेल तर एका वेळी एकच आकडा बदला, जुना वहीत लिहून ठेवा आणि टेस्ट दुपारी लावा. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. पॉवर केबल काढून बोर्डावरचा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतं. घड्याळ तेवढं पुन्हा लावावं लागेल.