नकार नेमका कशाला?

पोरांनो, मिठागरं आणि भातशेती मागे हटून इमारती उभ्या राहिल्या, तसे आपल्या मीरा-भाईंदरच्या घरांत इंग्रजी कागद वाढले. 2002 साली महापालिका झाली त्याच्याही आधीपासूनची ही गोष्ट. बिल्डरचा करारनामा, सोसायटीचं बिल, बँकेची नोटीस हे सगळं गावठाणातल्या आगरी-कोळ्यांनाही वाचावं लागतं आणि कोकणातून, देशावरून येऊन मीरा रोडला फ्लॅट घेणाऱ्यांनाही. या कागदांत माणूस लांबलचक शब्दांना अडत नाही. ते शब्द तो कुणाला तरी विचारतो. अडतो तो शब्दाच्या तोंडाशी बसलेल्या अन, इन, नॉन, डिस अशा छोट्या नकारांना, कारण ते कळले असं त्याला वाटतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी यावर एकच प्रश्न शिकवला होता : नकार नेमका कशाला लागलाय?

आधी रूप ओळखा. मराठीत 'अयोग्य' म्हणतो, पण स्वर आला की 'अनावश्यक'. इंग्रजी 'इन'सुद्धा पुढचं अक्षर बघून असाच बदलतो. एलपुढे 'इल', आरपुढे 'इर', बी, एम आणि पीपुढे 'इम'. म्हणून इलिगल, इरेग्युलर, इम्पॉसिबल. 'अन' मात्र कुणापुढेही बदलत नाही : अनलॉफुल, अनपेड, अनरजिस्टर्ड. शाळेतल्या मुलांनी एवढं ध्यानात ठेवलं तर स्पेलिंगच्या बऱ्याच चुका टळतात.

दिसला म्हणून नकार धरू नका. घोडबंदरकडे जाणाऱ्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पेट घेणारं. तिथला 'इन' नकाराचा नाहीच. 'फ्लेमेबल' म्हणजेही तेच. पेट न घेणाऱ्या वस्तूला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. हा घोळ जिवावर बेतू शकतो, म्हणून घरातल्या लहानथोरांना तो आधी सांगा. सोसायटीच्या सभेत ठराव 'युनॅनिमस' झाला असं लिहितात. स्पेलिंग यू-एनने सुरू होतं, पण मूळ 'एक' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ठराव एकमताने झाला, एवढाच अर्थ. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये नकार आहे, पण तो किंमत करण्याला लागलाय, किमतीला नव्हे. आपलं 'अमूल्य' तसंच.

'नॉन' दिसलं की वर्ग कोणता ते बघा. 'अन' बहुधा गुणाच्या उलट नेतो, 'नॉन' नुसता वर्गाबाहेर काढतो. 'अनप्रोफेशनल' ही टीका झाली, 'नॉन-प्रोफेशनल' ही नुसती नोंद. सोसायटीच्या बिलातले 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' म्हणजे रिकाम्या घराचा दंड असं पुष्कळांना वाटतं. तिथे नकार मालकाच्या राहण्याला लागलाय. मालक स्वतः राहत नाही, घर भाड्याने दिलंय, म्हणून ही आकारणी. 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमच्या बिलात जास्त असेल तर लेखी विचारा. 'नॉन-क्रीमी लेयर' दाखल्यातही नकार प्रवर्गाला लागत नाही. माणूस प्रवर्गातलाच, फक्त त्यातल्या पुढारलेल्या थरातला नाही, असं तो दाखला सांगतो.

पोलीस ठाण्यात शब्द घाबरवतात, तिथे शांतपणे वाचा. 'नॉन-बेलेबल' म्हणजे जामीन कधीच नाही, असं समजून घरं हवालदिल होतात. नकार जामिनाच्या हक्काला आहे. हक्क म्हणून जामीन मागता येत नाही, पण न्यायालय तो देऊ शकतं. तसंच एनसीचं. 'नॉन-कॉग्निझेबल', म्हणजे अदखलपात्र. गुन्हा घडलाच नाही, असा त्याचा अर्थ नाही. तक्रारीची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून एनसीची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

जुळ्या शब्दांत फसू नका. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला गोडी नाही तो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ नाही तो. भांडणात पंच दुसरा हवा, पहिला नको. 'मिसइन्फॉर्मेशन' म्हणजे चुकीची माहिती, मग ती भाबडेपणाने पसरवलेली का असेना. 'डिसइन्फॉर्मेशन' ही मुद्दाम पेरलेली. व्हॉट्सअॅपवर काही पुढे पाठवण्याआधी हा फरक आठवा.

पैशांच्या आणि जमिनीच्या कागदावर दुप्पट थांबा. चेक 'डिसऑनर' झाला म्हणजे बँकेने तो वटवला नाही. खात्यात पैसे कमी म्हणून तो परत आला, तर 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं 138 वं कलम लागतं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात. या मुदती हातच्या जाऊ देऊ नका. 'नॉन-रिफंडेबल' रक्कम परत मिळणार नाही, असं धरूनच द्या. आणि कुलमुखत्यारपत्रावर 'इर्रिव्होकेबल' दिसलं तर पेन खाली ठेवा. इथे नकार तुमच्याच अधिकाराला लागलाय. दिलेला अधिकार मनात आलं म्हणून परत घेता येणार नाही, असं तो शब्द सांगतो. वडिलोपार्जित जमीन असलेल्या घरांनी हा शब्द तर पाठच करावा.

इंग्रजी कमी येतं याची लाज बाळगू नका. प्रत्येक नकाराखाली पेन्सिलीने रेघ मारा, तो कशाला लागलाय ते मराठीत शेजारी लिहा, आणि जिथे लिहिता येणार नाही तिथे वकिलाला किंवा जाणत्याला विचारा. कळेपर्यंत सही करू नका. समोरचा कितीही घाई करो, थांबायचा हक्क तुमचा आहे.